टिमिड कोन

३ बहमन, निजामी फसली सन १३५१
माणिकदाजी परभणीहून आले. ताईचा नवरा म्हनून पाया पडलो, न्हाईतर पडलो नसतो. जेवताना माझ्याकडं बघून म्हनले, लय टिमिड हाय पोरगं. घरात इंग्रजी कुनालाच येत न्हाई, तरी समदे हासले. मंग दाजींनीच अर्थ सांगितला. भित्रा. साप बघून भेतो तो अफ्रेड, घडीभराचा. साप नसताना भेतो तो टिमिड, जलमाचा.
मी कायच बोललो न्हाई. मला बोलायचंच नव्हतं. शाळाबी मीच सोडली. मास्तर उभं करून वाचायला लावायचे, त्याचा काय संबंध न्हाई.

४ बहमन
शब्द वापरून बघितला. दाजी टिमिड हाय, रातच्याला एकटे परसाकडं जात न्हाईत. मास्तर टिमिड. आमचं खोंड टिमिड. चांगला शब्द हाय, समद्याला लागतो.

५ बहमन
आबा म्हनले, घोडा झालास, उद्या ताडकळसच्या बाजारात खोंड तूच इक. तीन बोटाच्या खाली उतरलास तर रायभान धनगराच्या मेंढरामागं जायचं. दाजी म्हनले, मीबी येतो, गंमत बघायला.
बघाच. सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हतो, एक बोट म्हंजी धा रुपये, तोंड उघडायचंच न्हाई. हे तर माझंच काम. घोंगडीखाली सराव केला. डावा हात दरवेळी हरला.

६ बहमन, दिवस मावळताना
सटवाजी व्यापाऱ्यानं हातावर रुमाल टाकला. मी त्याची तीन बोटं गच्च धरली. त्यानं नुसतं डोळ्यात बघितलं आन एक बोट काढून घेतलं. मी काढू दिलं. डाव व्हता माझा. मंग दुसरं काढलं.
रुमाल उचलला तर अख्ख्या बाजारात मी त्याचं एक बोट धरून उभा, जत्रंत लेकरू बापाचं धरतं तसा. सटवाजी म्हनला, सोड की बाळा, झाला सौदा. दाजी हासून हासून खालीच बसले.
मी चारी बाजूला साप हुडकला. एकबी नव्हता.

७ बहमन
दाजी अजून हासायलेत. वाटोळं व्हो तेंचं. तेंच्या जोड्यात गोखरूचे काटे टाकले. मंग काढले. दाजी खोकलले व्हते.

८ बहमन
मेंढरामागं. हितं बोलायचं काम न्हाई. मला हेच पाहिजे व्हतं. दुपारी रायभान लांबून वरडला, आरं येड्या, हाळी दे, लिंबाजी पाटलाच्या ज्वारीत शिरायलीत!
मी हात वर केला. मेंढरांनी बघितलं.
शिरली.