बंद खणाची पूजा

मु. पो. मलकापूर,
आश्विन शुद्ध एकादशी, १९७४

श्री. जोतिबाराव यांस धाकट्या साडूचा, केरबा सुताराचा, मलकापुराहून रामराम. आम्ही सगळे खाऊनपिऊन बरे आहोत. तुमची कंबर आणि चंद्राअक्कांचा खोकला कसा आहे ते कळवा. (माझ्या तब्येतीचं विचारू नका, ती तुम्हीच बिघडवली आहे.)

गणपतीत आमची मनु बहिणीला भेटायला मिरजेला तुमच्याकडे काय आली, अक्कांच्या कपाटाचा खण तिनं एका बोटानं ओढला आणि माझ्या घरातलं सुख गेलं. परत आल्यापासून एकच, "दाजींच्या खणाला एक खिळा न्हाई, नुसतं दात दातात बसवल्यात." शेजारच्या रंगूबाईला सांगून झालं, पिठाच्या गिरणीत सांगून झालं. वीस वर्षं मी बैलगाडीची चाकं करतो, उसानं भरलेल्या गाड्या त्यांच्यावर ओढ्यातून निघतात. त्यांचं हिनं गिरणीत कधी नाव काढलं नाही. मला राग आला असं नाही. जळलो, सरळच लिहितो.

म्हणून मीही टेबल करायला घेतलं आणि त्याच्या खणाला तो तुमचा डव्हटेलचा सांधा, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा. पहिल्या दिवशी दोन्ही फळ्यांना शेपट्याच कापल्या. (शेपटीत शेपटी बसत नाही, हे तुम्ही मनुला सांगायला हवं होतं.) दुसऱ्या खेपेला सांधे बसले, पण फटींतून पलीकडचं अंगण दिसत होतं. मग त्यांत भुसा आणि सरस कालवून भरला, वरून हात फिरवला, आणि खण असा काही दिसू लागला की मनु म्हणाली, "आता खंडेनवमीला हत्यारं ह्यातच मांडा." एवढ्यावर मी हुरळलो. अष्टमीच्या संध्याकाळी करवत, पटाशा, रंधा, वाकस, हातोडा, होतं नव्हतं ते सगळं आत ठेवलं आणि टाच लावून खण बंद केला. सरस अजून ओला होता.

नवमीला सकाळी बघतो तर खण आणि टेबल एकजीव! ओढून ओढून बोटं सोलली. उघडायची हत्यारं सगळी आत. तोवर आळी पूजेला जमली, तेव्हा मी बंद खणालाच हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सांगून टाकलं की कोजागिरीपर्यंत हत्यारांना ऊन दाखवायचं नाही असा माझा नवस आहे. लोकांना पटलं. गाडीवाला नानासो मात्र दुरुस्तीला मोडकं चाक घेऊन तीन दिवस ओट्यावर बसून आहे, आणि मनु त्याला माझ्या भक्तीचं कौतुक सांगते. लग्नानंतर तिनं केलेलं हे माझं पहिलं कौतुक, आणि तेही खोट्यावर.

अक्कांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
केरबा

ता. क. कोजागिरीच्या आत एसटीनं या. पटाशी पिशवीत तळाशी, वर भडंग. मनुनं विचारलं तर सांगा, केरबाचा सांधा बघायला आलो.

आणखी ता. क. पत्र टाकायला मनुकडे दिलं, तिनं उभ्याउभ्या वाचलं. टेबल भिंतीपासून ओढलं, मागची फळी उलथन्यानं उचकटली, आत हात घातला आणि हातोडा माझ्या हातात दिला. (मागून कोण बघतंय म्हणून तिथं मी खिळेच मारले होते.) म्हणाली, "खिळं हुतं म्हून निघालं. दाजींचं काम असतं तर जलमभर उघडलं नसतं."

तेव्हा येऊ नका. आणि तिचं हे बोलणं अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवा. जमल्यास तुमच्या गिरणीतही.