पिंपभर फेस

३ जानेवारी
संकल्प: यंदा कुणावरही हात उचलायचा नाही. विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष झालोय, आता शोभत नाही. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे संयम. विभागप्रमुख मॅडमनीही बजावलंय, आणखी एक मारामारी झाली की अध्यक्षपद गेलंच समज. मला काय भीती? मी मुळात शांत माणूस.

१० जानेवारी
शाळेच्या मुलांना विभाग दाखवायचं ठरलं. नववीचा वर्ग येणार. त्यात माझी धाकटी बहीण! वर्गभर सांगत सुटलीय की सगळं माझा दादाच करतो. बरोबरच आहे. पुढे केमिकलच घेणार म्हणते. घरात मला मानणारी ती एकटीच. प्रयोग असा झाला पाहिजे की पोरींनी तिचा हेवा करावा.

१६ जाने.
मीटिंग. फेसाचा प्रयोग बीकरमध्ये झकास झाला. म्हटलं, आता पिंपात करू. आमचा खजिनदार (सगळे बोका म्हणतात) म्हणाला, बीकरमधली उष्णता निघून जाते, पिंपातली आत कोंडते, आधी हिशेब कर. भर मीटिंगमध्ये! मी शांतपणे त्याच्या कानाखाली वाजवली. याला हात उचलणं म्हणत नाहीत. हात आधीच वर होता, मतदानासाठी.

१७ जाने.
बोक्यानं नाकावर ठोसा हाणला. काय हा हिंसक स्वभाव! मी फक्त स्टूल फेकलं. तेही त्याला लागलं नाही, खिडकीला लागलं. मॅडमना सांगितलं, वाऱ्यानं काच फुटली. आतून बाहेर कसला वारा, म्हणाल्या. प्रश्न विचारायची फार खोड.

२० जाने.
हिशेब राहिला. नाक ठणकतंय. शिवाय हिशेब हे खजिनदाराचं काम.

२४ जाने., सकाळ
आज कार्यक्रम. बहीण वेणी घालता घालता म्हणाली, दादा, मैत्रिणींसमोर भांडू नकोस हं. वेडी कुठली! मी कधी भांडतो?

२४ जाने., दुपार
उत्तम चाललं होतं. शेवटची पावडर पिंपात टाकायला मी पुढे झालो, तर बोका पिंपाला मिठी मारून उभा. मुलांना मागे न्या, तोवर हात लावू देणार नाही म्हणे. मॅडमनी मुलं पार बाहेर व्हरांड्यात नेली, काचेतून बघा म्हणाल्या. तरी हा मिठी सोडेना, आता म्हणे आधी हिशेब दाखव! मी कॉलर धरली, त्यानं माझे केस. त्यानं पोटात गुडघा घातला, मी दंडाला कडकडून चावलो. (स्वसंरक्षण.) झटापटीत पावडरचा अख्खा डबा पिंपात उपडा.

आधी गुडगुड. मग अरे बापरे! फेसाचा लोट थेट छताला, ट्यूबलाइटचा चुराडा, मी उताणा, अंगावर कढत फेस. तशातही बोक्याला दोन लाथा घातल्याच. फेसात नीट दिसत नव्हतं. दुसरी, सोडवायला आत धावून आलेल्या मॅडमना बसली असं म्हणतात.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकूण यशस्वी.

२५ जाने.
अध्यक्षपद गेलं. बोका अध्यक्ष. भुवया जळाल्या. तेही सोसलं असतं.

सकाळी शाळेच्या बाईंचा आईला फोन. तुमच्या मुलानं आमची मुलं वाचवली, त्याचा दंड कसा आहे, असं विचारत होत्या. माझ्या दंडाला तर काहीच झालेलं नाही. धाकटीला विचारलं. खाली बघत म्हणाली, मैत्रिणींनी विचारलं, तुझा दादा कुठला? तेव्हा मी त्या बोक्याकडे बोट दाखवलं, म्हणाली.

बोक्याला उद्या बघतोच, असं लिहायला बसलो होतो. पण रडूच आलं.