तळ्यात सोडलेले मासे

बाबा, मी परवा मुलुंडच्या त्या तळ्यावर गेले होते, आणि तिथून आल्यापासून तुमचा इतका राग आलाय की घरात कोणाशी धड बोलवत नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "अगं, गेलेल्या माणसावर कसली चिडतेस आता?" मग कधी चिडायचं होतं? तुम्ही होतात तेव्हा आवाज जरा चढला की तुम्ही हळूच चपला घालून दुकानात जायचात. आई भिंतीशी बोलत राहायची. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही, म्हणून लिहितेय.

घाटकोपरचं आपलं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या, मधे एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट, आणि पंपांची दिवसभर घरघर. शाळा सुटली की मी तिथे. पाण्याबद्दल मला जे कळतं त्याचा पाया त्या खोलीत घातला गेला, हे मी नाकारत नाही. नवी टाकी भरली की गिऱ्हाईक लगेच मासे मागायचं आणि तुम्ही द्यायचा नाहीत. "पाणी अजून कच्चा आसा, पिकांदे," म्हणायचात. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो पचवणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, तोवर त्या पाण्यात मासा जगत नाही, हे मी पुढे कॉलेजात शिकले. तुम्ही ते आधीच सांगितलं होतंत. मे महिन्यात टाक्या तापायच्या, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायचे. "गरम पाण्यात हवा रवणा नाय गो," असं म्हणत तुम्ही आणखी एक नळी सोडायचात. आज मी कांदिवलीच्या कॉलेजात हेच शिकवते, फक्त हवेऐवजी प्राणवायू म्हणते. एकदा मी माशांच्या खाण्याचा डबा टाकीत उपडा केला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं, आणि मासे पोट वर करून तरंगत होते. तुम्ही मला मारलं नाहीत. माझा कान धरून काचेला नाक लावायला लावलंत आणि म्हणालात, "पाण्यात टाकलेला खंय जाणा नाय. थंयच रवता. समाजला?"

समजलं होतं, बाबा. तुम्हाला समजलं नव्हतं का?

लोक सकर मासा न्यायचे. बोटाएवढा, काळा, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा. टाकी आपोआप साफ राहते म्हणून सगळ्यांना हवा असायचा. वर्ष-दोन वर्षांत तो हातभर व्हायचा, बाकीच्या माशांना ढकलायचा, आणि लोक त्याला बादलीत घालून परत आणायचे. "काका, मावत नाही हो टाकीत." दुसरा दुकानदार असता तर त्याने हाकललं असतं. तुम्ही ठेवून घ्यायचात. मागच्या मोठ्या टाकीत त्यांची गर्दी झाली की रविवारी बादलीवर फडकं बांधून, मला स्कूटरवर पुढे उभं करून तुम्ही मुलुंडला न्यायचात. डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या खाणीत पाणी साचून झालेलं ते तळं. तिथे मरळ आपल्या पिल्लांचा तांबडा घोळका घेऊन काठाकाठाने फिरायची. तुम्हीच ती मला दाखवली होती. पाणी इतकं निवळ की तळाचं पाणगवत दिसायचं. आणि त्याच पाण्यात तुम्ही बादली तिरकी करायचात. मी विचारायचे, "बाबा, हे इथले आहेत का?" तुम्ही म्हणायचात, "हंय टाकीत रवले तर मरतले गो. थंय जगतले. माझ्यान बघवना नाय." घरी परतताना तुम्ही गाणं गुणगुणायचात. किती हलकं वाटायचं तुम्हाला.

माझ्याने बघवत नाही. हे वाक्य मी पुन्हा ऐकलं ते आई आजारी पडली तेव्हा. तिच्या किडन्या गेल्या होत्या, दर आठवड्याला डायलिसिस, सुया, नळ्या. तुम्ही एकदाच वॉर्डात आलात. तिच्या हाताची सूज पाहिलीत, दाराशीच थांबलात आणि माझ्याकडे टिफिन देऊन परत गेलात. मग टिफिन शेजारच्या काकूंबरोबर यायला लागला. मी कॉलेज बुडवून तिच्याजवळ बसायचे. ती रोज विचारायची, "आले का गं हे?" आणि मी रोज काहीतरी सांगायचे. दुकानात गिऱ्हाईक आहे. पंप बिघडलाय. शेवटी तिने विचारायचं बंद केलं, आणि ते जास्त वाईट होतं. ती गेली त्या दुपारी मी चालत दुकानात आले. तुम्ही बाही वर करून टाकीत हात घालून उभे होतात, पाण्याची नळी चालू.

"बाबा, आई गेली."

तुम्ही वळला नाहीत. काचेतून मला तुमचा चेहरा दिसत होता, पाण्यामुळे हललेला. "येवढा पाणी बदलून येतंय," म्हणालात. आणि खरंच बदललंत. सगळं. मी तिथे उभी होते आणि तुम्ही नळीने पाणी काढत होतात, नवीन भरत होतात, माशांना धक्का लागू नये म्हणून हळूहळू.

तुम्ही गेलात तेव्हा चाळीतली सगळी माणसं जमली. देवमाणूस, म्हणाले. मासा मेला तरी जेवायचे नाहीत, म्हणाले. मी मान हलवत राहिले. कोणाला सांगणार होते की या देवमाणसाला दुसऱ्याचं दुःख सहन होत नव्हतं म्हणून त्याने ते कायम दुसऱ्याच्याच अंगावर टाकलं?

आता परवाचं ऐका. तळ्यातले मासे कमी का झाले ते बघायला मी माझ्या वर्गातल्या चार मुलींना घेऊन गेले होते. तळ्याकाठच्या पाड्यावरची एक मावशी पूर्वी तिथली मरळ आणि वाम मुलुंडच्या बाजारात विकायची. तिच्या मुलाने जाळं टाकलं. वर आलं ते नुसतं काळं, खडबडीत, काटेरी. सगळे सकर. मासा म्हणावा असं दुसरं जवळजवळ काही नाही. जाळ्यातून सोडवताना त्यांच्या काट्यांनी जाळं फाटत होतं, आणि मावशी शिव्या घालत होती. "हा मासा कुत्रं पण खात नाय, बाई. बाजारात नेला तर लोक हसतात. जाळं फाडतो ते वेगळंच. कुठल्या हलकटाने आणून टाकला असंल?"

मी म्हणाले, "शहरातल्या लोकांनी, मावशी. घरातल्या टाकीतले."

"मारून टाकायचे ना मग घरीच! आमच्या पाण्यात कशाला?"

मी जाळ्यातला पुढचा मासा सोडवायला घेतला. मुलींना मी नंतर समजावलं. या माशाचं अंग हाडाच्या पाट्यांनी झाकलेलं, त्यामुळे इथलं कोणी त्याला खात नाही. तो काठाला बिळं करतो, माती ढासळते. तळ उकरतो, पाणी गढूळ होतं. ऊन खालपर्यंत पोचत नाही, मग पाणगवत मरतं, आणि त्या गवतातच तर इतरांची अंडी असतात. जी उरतात ती हा शेवाळाबरोबर ओरबाडून गिळतो. पाण्यात प्राणवायू कमी झाला की बाकीचे गुदमरतात, हा मात्र वर येऊन सरळ हवा गिळतो आणि जगतो. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, बाबा. थंय जगतले. झकास जगले. एकट्या तुमच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, मुंबईत असे दयाळू बाप पुष्कळ असतील. पण मी त्यांच्या स्कूटरवर उभी नव्हते.

ते मासे परत पाण्यात सोडता येणार नव्हते. काठावर टाकले तर हा मासा तासन् तास जिवंत राहतो, तडफडत. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर नीट एक घाव घालून मग खड्ड्यात पुरायचं, असं ठरवलं होतं. मी सुरुवात केली. तेवढ्यात त्या चौघींतली एक, वर्गातली सगळ्यात हुशार, तोंडावर ओढणी धरून मागे सरकली आणि म्हणाली, "मॅम, मी जाऊ का? मला नाही बघवत."

मी तिच्यावर केवढ्याने ओरडले म्हणून सांगू. "नाही बघवत म्हणजे काय? मग कोणी बघायचं? मावशीने? उभी राहा इथे. डोळे उघड!" पाड्यावरची पोरं धावत आली बघायला. ती मुलगी रडायला लागली, पण उभी राहिली. शेवटचा मासा पुरेपर्यंत उभी राहिली. परतताना मी तिला जवळ घेतलं, पण माफी मागितली नाही. तो आवाज तिच्यासाठी नव्हता. तो आईच्या वॉर्डाच्या दारात काढायला हवा होता, तुमचा शर्ट धरून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि जाळायचंही नाही. तुमच्या हातात पोचलं असतं तरी तुम्ही अर्ध्यावर घडी घालून खिशात ठेवलं असतंत आणि टाकीचं पाणी बदलायला उठला असतात. तरी एक गोष्ट लिहून टाकते, नवऱ्याला सांगितलेली नाही. जाळ्यात सगळ्यात शेवटी एक खूप मोठा सकर आला. जुना, डोक्यावर पांढुरके डाग पडलेला. हे मासे बरीच वर्षं जगतात, पण इतकी नाही, हे मी मुलींना अर्ध्या तासापूर्वीच सांगितलं होतं. तरी त्याला हातात धरून मी हळूच विचारलं, "तू आमच्या दुकानातला का रे?" आणि उत्तराची वाट बघितली, बाबा. मग मारला.