बिब्ब्याचे तीन ठिपके

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तुमच्यापर्यंत आता टपाल जात नाही, हे मला कळतं. तरी लिहायला बसले आहे. बोरीहून माझ्या वडिलांचं पोस्टकार्ड आलं की तुम्ही हातातलं काम टाकून चुलीपुढे बसायचात आणि मी मोठ्यानं वाचायचे. एखादी ओळ मला सांगायची नसली की मी ती गाळायचे, आणि तुम्हाला अक्षर ओळखू येत नसूनही ते लगेच कळायचं. "मधलं खाल्लंस गं पोरी," म्हणायचात, आणि मला मुकाट्यानं मागे जाऊन ती ओळ वाचावी लागायची. आज काही गाळायचं नाही असं ठरवलं आहे. बघू किती जमतं ते.

निमित्त तुमच्या नातीचं झालं. पन्नाशी ओलांडलेली मास्तरीण आहे ती आता, परभणीला. तिनं डोक्यात घेतलं आहे की आजीचं सगळं लिहून ठेवायचं. कोणत्या महिन्यात काय खायचं, काय टाळायचं, पोट दुखलं तर काय, नाक गळलं तर काय. शाळेतून आली, चहा झाला की वही घेऊन माझ्यापुढे बसते. "आई, श्रावणाचं सांग. आई, थंडीचं राहिलं." मी सांगते आणि ती लिहिते, आणि मधेच माझ्याच लक्षात येतं की मी सांगतेय ते माझं नाहीच, तुमच्या तोंडचं आहे. परवा म्हणाली, "आजीला एवढं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "ज्वारीनं, करडईनं आणि सात बाळंतपणांनी." ते तिनं जसंच्या तसं लिहून घेतलं. पोर हुशार आहे, पण थट्टा तिला कळत नाही, ते तिच्या बापावर गेलं आहे.

मी पिंगळीला लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांची होते. वडिलांनी घरीच बाराखडी शिकवली होती, कारण शाळा होती ती उर्दूची आणि मुलींना तिथं कोण पाठवणार. दोन ओळी वाचता येतात म्हणून माझं नाक जरा वरच असायचं. तुमच्या घरात पहिल्या पाडव्याला माझ्या हातावर कडुनिंबाची फुलं आणि गुळाचा खडा आला. गूळ मी खाल्ला आणि फुलं कनवटीला लावली. पुढे उन्हाळा आला तशी भल्या सकाळी ज्वारीची आंबील, ताकातली, वरून कच्चा कांदा. मृग निघाला त्या दिवशी गुळात हिंग. पावसाळाभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सुंठेचा तुकडा, आणि भादव्यात काकडीकडे बघायचंसुद्धा नाही. थंडीत बाजरीची भाकरी, तीळ, पाटवड्यांवर करडईच्या तेलाची धार, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या घरानं अंगाला तेल चोळून उन्हात बसायचं. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. भादव्यात तुम्ही आठ दिवस गुळवेलीचा काढा द्यायचात, तो मी न्हाणीमागच्या शेवग्याच्या बुडाशी ओतायचे. सहाव्या दिवशी तुम्ही पेला हातात दिलात आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, "बरं झालं. औंदा शेवग्याला ताप न्हाई यायचा." त्यानंतर मी तो तुमच्या समोर उभं राहून प्यायला लागले. अजून पिते.

गावातल्या बायका तुमच्याकडे लेकरं घेऊन यायच्या. सकाळी ओसरीवर दोघी-तिघी असायच्याच. तुम्ही आधी औषधाच्या डब्याला हात लावायचा नाहीत, आधी विचारायचात. काय खाल्लं काल? पाणी कुठलं पिलं? झोप झाली का? परसाकडं कसं झालं? कधीकधी त्या बाईचं लेकरू सोडून तिच्याच डोळ्यांखाली बोट लावून बघायचात आणि म्हणायचात, "ह्याला काय धाड झाली न्हाई. तूच उपाशी हायस. आधी दोन भाकरी खा, मग ह्याला पाज." निम्म्या बायकांना तुम्ही काहीच दिलं नाहीत. आज पेज पाज आणि उद्या दाखवायला आण, एवढंच. मला तेव्हा वाटायचं, हे कसलं वैदूपण, हे तर कुणीही सांगेल. कुणीही सांगेल, पण कुणी सांगत नाही, हे मला स्वतःची लेकरं वाढवताना कळलं.

एक डबा मात्र तुम्ही कुणाच्या हाती दिला नाहीत. देवळीत वरच्या फळीवर पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, बिब्ब्यांचा डबा. शेतकऱ्यांच्या टाचा भेगाळल्या, काटा मोडून राहिला, गुडघा धरला, की तुम्ही सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचात आणि तेल पाझरलं की नेमका ठिपका द्यायचात. पण तेही लगेच नाही. आधी टाचेवर तिळाएवढं लावून दोन दिवस घरी पाठवायचात. "सगळ्याला सोसत न्हाई. उतला की माणूस भाजल्यासारखा होतोय," हे तुम्ही मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. अंगावर फोड उठून ते पसरत जाणं, त्याला आपण बिब्बा उतला म्हणतो. आणि लहान लेकराला तर तुम्ही तो कधीच लावला नाहीत. माझ्या माहेरी मात्र पोट दुखणाऱ्या बाळाला बेंबीभोवती बिब्ब्याचे ठिपके द्यायची रीत होती. माझ्या आईनं आम्हा सगळ्या भावंडांना दिले होते आणि आम्ही सगळी जगलो होतो. मला वाटायचं, सासूबाई उगाच भितात.

भादव्याचेच दिवस. माझी पोर आठ महिन्यांची. सकाळपासून पाय पोटाशी घेऊन रडते आहे. तुम्ही वरच्या आळीला एका बाळंतिणीकडे गेला आहात, घरातले पुरुष शेतात. मी तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते, ओवा चावून फुंकर घालते, काही होत नाही. तेवढा वेळ मी थांबायला हवं होतं. बाळंतीण काही दुसऱ्या गावची नव्हती, हाक मारली असती तर तुम्ही आला असतात. पण मला दाखवायचं होतं की मलाही येतं. पाटावर चढून मी डबा काढला, चुलीच्या निखाऱ्यावर बिब्बा धरला आणि पोरीच्या पोटावर तीन ठिपके दिले. ती थोड्या वेळानं झोपली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तुम्ही आलात तेव्हा मी भाकऱ्या थापत गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके सुजून आले होते. दुपारपर्यंत पोटभर फोड. मी जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा काढून तिच्या पोटाला बांधला आणि तुम्हाला सांगितलं की गार वारं लागतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी तेल लावायला पोर मांडीवर घेतलीत आणि मी काही म्हणायच्या आत पट्टा सोडलात. फोड मानेपर्यंत गेले होते. तुम्ही वर बघितलंत. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "लावला ते लावला. झाकलंस कशाला?"

मग तुम्ही खोबरं किसलंत, लोणी काढलंत, आपल्या हातानं सगळ्या अंगाला हलकं हलकं लावलंत. मी दारात उभी होते, मला जवळ यायला सांगितलं नाहीत आणि जा असंही म्हणाला नाहीत. दोन घटका गेल्या. पोर तापली. अंगावर पाजायला घेतली तर ओढेना. तुम्ही तिच्या टाळूवर हात ठेवून बसलात, आणि मी बघत होते तुमच्याकडे, की आता डब्यातून काहीतरी काढतील, यांच्याकडे असणारच. तुम्ही उठलात आणि लुगड्याचा पदर खोचलात. "हे माझ्या हातचं न्हाई. दवाखान्यात न्यावं लागतंय. चल, गाडीची येळ व्हायलीय." एवढ्या वर्षांत तुम्ही कुणाला दवाखान्यात नेलेलं मी पाहिलं नव्हतं. गाव तुम्हाला मानायचं ते तुमच्या हाताला. आणि तुम्ही ते वाक्य असं म्हणालात, जणू चुलीवरचं दूध उतरव म्हणताय.

ठेसनापर्यंत चिखलातून तुम्ही पोरीला घेऊन पुढे आणि मी मागे. गाडीत आपल्याच आळीतली शेजारीण भेटली, तिला परभणीला लेकीकडे जायचं होतं, पण पोरीचा अवतार बघून तीही आपल्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टर मुसलमान होते, उंच, पांढऱ्या दाढीचे. पोरीचं पोट बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. "ये क्या हाल कर डाले बच्ची का? कौन लगाया ये?" मी तोंड उघडलंच होतं, उघडलं होतं का, आत्याबाई? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की उघडलं होतं. तुम्ही एक पाऊल पुढे झालात. "मैंच लगाई, साब." डॉक्टर तुम्हाला खूप बोलले. तुम्ही पोरीच्या पायाचा अंगठा हातात धरून ऐकून घेतलंत. शेजारीण भिंतीशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. जखमा धुऊन त्यांनी पट्ट्या बांधल्या, औषध पाजलं आणि चार दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोर माझ्या अंगावर पिली आणि तुम्ही दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन पहिल्यांदा पान खाल्लंत.

परत येताना गाडीत मी रडत म्हणाले, "आत्याबाई, घरी गेल्यावर मी सगळ्यांना सांगते." तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "गप बैस. तू नवी हायस. तुझ्या नावानं एकदा बोलाया लागले की जलमभर बोलत्यात. माझं काय व्हायचंय आता." मी गप्प बसले. लगेच बसले, हेही सांगून टाकते.

तुमचं काय व्हायचं ते झालं. शेजारणीनं आळीभर केलं. म्हातारीचा हात चुकला, स्वतःच्या नातीला भाजलं. ओसरी रिकामी पडली. दिवाळीनंतर मोठी माणसं हळूहळू यायला लागली, टाचा, गुडघे घेऊन. लेकरू मात्र तुमच्या मरणापर्यंत कुणी परत आणलं नाही. तुम्ही सकाळी सडा घालून ओसरीवर बसायचात, रस्त्यानं एखादी बाई लेकरू घेऊन वैद्याकडे निघालेली दिसायची, तिला तुम्ही लांबूनच विचारायचात, "पाणी उकळून द्यायलीस ना गं?" ती हो म्हणून निघून जायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी आत जायचे. आणि तुम्ही एकदा, एकदासुद्धा, माझ्याकडे त्या नजरेनं पाहिलं नाहीत. उलट त्या थंडीपासून तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत. पानं ओळखायला लावलीत, काढा किती आटवायचा ते दाखवलंत, आणि सगळ्यांत आधी प्रश्न विचारायला शिकवलंत. बिब्ब्याचा डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता तुझ्याइतकं ह्याला कुणी भिणार न्हाई. तूच संभाळ." निजामाचं राज्य गेलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पुढे माझ्या ओसरीवर बायका यायला लागल्या, लेकरं घेऊन. जे मला येत नव्हतं तिथं मी "हे माझ्या हातचं नाही" म्हणाले आणि दवाखान्यात पाठवलं. एवढं एक वाक्य तुमच्याकडून मिळालं म्हणून किती लेकरं वाचली ते मला माहीत नाही, पण माझी चारही आहेत. मी सुखात आहे, आत्याबाई. तुमच्यामुळे आहे.

आता वहीचं. काल तुमच्या नातीनं बिब्ब्याचं पान लिहून काढलं. तिच्या पोटावरचे तीन डाग अजून आहेत, आणि लहानपणी शेजारपाजारच्यांनी जे सांगितलं तेच तिला माहीत आहे. ती मला वाचून दाखवत होती, तिचा काही राग नव्हता, हसतच होती. "लहान मुलांना कधीही लावू नये. आजीची आयुष्यातली एकच चूक." मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

आज ती शाळेत आहे आणि वही इथं टेबलावर. संध्याकाळी ती आली की पुढचं पान उघडायच्या आधी मागचं बघते, ती तिची सवय आहे. मग ती विचारेल आणि मला सांगावं लागेल, पहिल्यापासून, पट्ट्यासकट. हे पत्र मी घडी घालून ओव्याच्या डब्याखाली ठेवणार आहे, कारण ते कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही. पण त्या आधी मी वही उघडली, "आजीची" या शब्दावर रेघ मारली आणि वर "आईची" असं लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं. तिचं शाईचं पेन शेजारीच होतं, आत्याबाई. ते मी उचललं नाही.