सैल झालेले पान

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने बुकबाइंडर, वय एकाहत्तर, आमच्या चर्चच्या मंडळीचा एकवीस वर्षांपासून निवडलेला वडील, म्हणजे कारभारी पंच, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नाहीत. दारूचा थेंबही मी आयुष्यात घेतलेला नाही, हे इथेच नोंदवतो. माझा भरवसा माझ्या कोणत्याही कृत्यावर नाही, केवळ ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर आहे. पुढचे सगळे वाचून झाल्यावर हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. मला मूलबाळ नाही. बारा वर्षांत ती माझ्या घराची पायरी चढलेली नाही, आणि त्यात तिचे काही चुकले नाही. तिने घर नाकारले तर ते मंडळीला देऊ नये. कुलूप लावून तिची वाट पाहावी.

२. दाबयंत्र, सुया, दोरा आणि पुठ्ठे शाळेच्या ग्रंथपालबाईंना. शेजारच्या शिंप्याने नऊ वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्याचीच समजावी, मात्र त्याला तसे सांगू नये. कागद कापायची सुरी कोणालाही देऊ नये. मोडून टाकावी.

३. सुरीचे कारण. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधीच्या शुक्रवारी आम्ही वडील घरोघर जातो, चौकशी करतो आणि योग्य वाटेल त्याच्या हातावर पितळी बिल्ला ठेवतो. बिल्ल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजाशी बसता येत नाही. बारा वर्षांपूर्वी भावाच्या घरी मी आणि मंडळीचे दुसरे वडील, घड्याळजी, गेलो होतो. भाऊ भिंत धरत दारापर्यंत आला. गल्लीत तो झोकांड्या खाताना दिसतो, असे घड्याळजींनी वाटेतच सांगितले होते. मी बिल्ला काढलाच नाही.

तो म्हणाला, "दादा, पाय ऐकत नाहीत रे माझे."

मी म्हणालो, "आधी शुद्धीवर ये. मग बघू."

पुतणी आत उभी होती. तिने सगळे ऐकले. त्या आठवड्यात मंडळीच्या नोंदपुस्तकात माझ्याच अक्षरात लिहिले गेले: मद्यपानामुळे मेजापासून दूर. चाळीस दिवसांत भाऊ गेला. त्याच्या मेंदूत गाठ होती. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासणीचा कागद दाखवला तेव्हा तो शवपेटीत होता.

४. नोंदपुस्तक दुरुस्तीला माझ्याकडेच येते. नोंद खोडायची, चूक कबूल करायची आणि मंडळीपुढे वाचून दाखवायची, ही आमची रीत. मी रीत पाळली नाही, त्या सुरीने पान कापले. घड्याळजींना हे ठाऊक आहे. "झाकली मूठ राहू दे," असे ते म्हणाले.

पण कागद मधोमध दुमडून शिवलेला असतो. एक पान कापले की दुसऱ्या टोकाचे त्याचे जोडपान सैल होते. दरवर्षी ते थोडे अधिक बाहेर येते. त्या जोडपानावर माझी वडील म्हणून निवड आणि माझी शपथ आहे. मागच्या रविवारी पुस्तक उघडताना ते उपासना चालवणाऱ्या पाळकांच्या हातात आले. त्यांनी ते नीट आत सरकवले.

५. कापलेले पान दाबयंत्राखालच्या खणात आहे. ते परत शिवावे. त्याच्या समासात, भाऊ निर्दोष होता आणि खोटी नोंद मी केली, असे लिहून मेज मांडण्यापूर्वी पुतणीसमोर मोठ्याने वाचावे. ती येईपर्यंत थांबावे. जोडपान गळून पडले तर पडू द्यावे.

हे मी जिवंतपणी सांगायला हवे होते. मंडळीपुढे तीनदा उभा राहिलो आणि तीनदा स्तोत्राचा क्रमांक सांगून खाली बसलो.

६. अंत्यविधीला माझ्याविषयी चांगले बोलू नये. वचन वाचावे आणि थांबावे. पाळक सांगतात की शिक्षा ख्रिस्ताने भोगली, आजार म्हणजे वसुली नव्हे. ते खरे आहे. तरी पावसाळ्यापासून मीही भिंत धरून चालतो.

७. व्यवस्था डॉक्टरीणबाईंनी पाहावी.

सह्यांपूर्वीची नोंद: आज शुक्रवार. घड्याळजी माझ्या घरच्या चौकशीला आले, बिल्ला टेबलावर ठेवला. मी या मृत्युपत्रावर साक्षीची विनंती केली आणि उठताना टेबल धरले. ते जवळ आले आणि माझ्या तोंडाचा वास घेतला.

मी म्हणालो, "पाय ऐकत नाहीत हो."

त्यांनी न वाचता खाली सही केली, पेनाला टोपण लावले आणि बिल्ला उचलून खिशात घातला. "आधी शुद्धीवर या," ते म्हणाले. "मग बघू."

मी बिल्ला मागितला नाही.

ठिकाण: राहते घर, बाइंडिंगची खोली
दिनांक: प्रभुभोजनाआधीचा शुक्रवार

सही: बुकबाइंडर

साक्षीदार पहिले: घड्याळजी, मंडळीचे वडील. लिहिणारा शुद्धीवर असल्याबद्दल सही.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. संध्याकाळी येऊन सही केली. सहीखाली त्यांच्या अक्षरात: सगळे वाचले. यांना तपासले. पूर्ण शुद्धीवर आहेत. रविवारच्या मेजापर्यंत थांबणार नाही, हे सांगायला पुतणीकडे आत्ताच निघाले आहे.