माझ्या नावापुढचा शेरा

२८ जुलै २०२५, जळगाव

मी कर्ज बुडवणारी बाई आहे. आज बँकेत कळलं.

लेकीच्या, मयुरीच्या फार्मसीसाठी शैक्षणिक कर्ज विचारायला गेले होते. शिरपूरला तिचा नंबर लागेल असे मार्क आहेत. शाळेत ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षं नोकरी, हे गेल्यावरही कुणाची उधारी ठेवली नाही. वाटलं होतं, मानानं बसवतील. बसवलंही. मग साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'मॅडम, तुमच्या सिबिलमध्ये एक कर्ज सेटल्ड दिसतंय. टेम्पोचं. असं असलं की वरून मंजुरी येत नाही.'

टेम्पो! माझ्याकडे सायकल नाही.

टेम्पो योगेंद्रचा. माझा धाकटा भाऊ. नरडाण्याजवळ आमच्या गावी त्याचा मंडपाचा धंदा. २०१९च्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेले होते, झोक्यावर बसले होते. तो कागद घेऊन आला. 'अक्का, पेन दे ना वो.' जामीनदार मी, पेनही माझंच. आदल्या वर्षी शेतातला हक्क सोडला, तेव्हाही माझंच पेन होतं. त्याबद्दल साडी मिळाली. मोरपंखी.

बँकेचे साहेब म्हणाले, ज्या कंपनीनं शेरा दिला तिलाच तो काढता येतो.

३० जुलै

अर्धी रजा टाकून फायनान्स कंपनीत गेले. अर्ज स्वतः लिहिला होता. 'मी केवळ जामीनदार होते, हप्ते थकल्याची मला कल्पना नव्हती, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, तरी शेरा काढावा ही विनंती.' दोनदा शुद्ध करून लिहिला. तिथल्या माणसानं तो वाचलाही नाही. आधी कॉम्प्युटर वाचला.

'सेटलमेंट म्हणजे माफी नाही मॅडम. आम्ही चाळीस हजार सोडले, ते तुमच्या दोघांच्या नावावर लिहून ठेवले. ते भरा, मग खातं बंद असं कळवू.'

'सोडले म्हणता, मग परत कसे मागता?'

'आम्ही कुठं मागतोय? तुम्हीच आलात.'

खरं आहे. मीच गेले होते.

३ ऑगस्ट, गावी

कानबाई. आईनं निरोपावर निरोप पाठवले म्हणून आले. नारळाला नथ घालून, साडी नेसवून देवी बसवली आहे. घर माणसांनी भरलंय.

देवीच्या प्रसादाच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून घेतात. योगेंद्रच्या नावाची मूठ, त्याच्या मुलाच्या नावाची मूठ. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. लग्न झालेल्या लेकीनं नाही, ती दुसऱ्या कुळाची. लहानपणापासून माहीत आहे, कधी वाईट वाटलं नाही. आज ताटं वाढली गेली आणि मला वेगळं, साधं वाढलं. मनात आलं — रोटात मी परकी. टेम्पोत घरची!

जेवणानंतर योगेंद्रला मागच्या अंगणात गाठलं. तो हसला.

'अक्का, तू कसाले फिकर करस? बठ्ठं मिटी गयं ना! लॉकडाऊनमा हप्ता थकनात, त्यासनी सोता सांगं, इतला भर नि मोकया व्हय. चाळीस हजार वाचाडात मी.'

खरंच अभिमानानं सांगत होता. सोयऱ्यांनाही सांगितलंय म्हणे, कंपनीला कसं वाकवलं.

'ते चाळीस हजार माझ्या नावावर वाचवलेस,' मी म्हणाले. 'मयुरीचं कर्ज अडलंय.'

'पोरीनं लगीन करी टाक मग, खर्च वाची.' पुन्हा हसला. मस्करी होती. मस्करीच असणार.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, 'भाऊ शे तुन्हा. सनवारना दिन पैसासनं बोलू नको.'

९ ऑगस्ट

राखी पोस्टानं पाठवली. पहिल्यांदाच.

१८ ऑगस्ट

कंपनीत पुन्हा गेले. यावेळी पगाराच्या पावत्या, मयुरीची मार्कशीट. तोच माणूस म्हणाला, 'मॅडम, हे सगळं चांगलंच आहे. पण इथं त्याला रकाना नाही.'

मयुरीनं विचारलं, 'काय म्हणाले?' 'बघू म्हणाले.' तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जाऊन भांडी घासली. कधी न सांगता घासत नाही.

माझ्याकडे चाळीस हजार आहेत. मयुरीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. ते भरले तर शेरा जाईल आणि प्रवेशाच्या दिवशी हात रिकामे.

२५ ऑगस्ट

योगेंद्र आला! न कळवता, पिशवीत शेंगा आणि दादर ज्वारीचं पीठ घेऊन. पैसेही. पूर्ण. 'तुन्ही राखी पोस्टखाल उनी अक्का. झोप नही लागनी माले.'

मी रडले. त्याच्याबद्दल याच वहीत काय काय लिहिलं! दोघं मिळून कंपनीत गेलो. पैसे भरले, पावती घेतली. परतताना त्यानं मला उसाचा रस पाजला, लहानपणी मी त्याला पाजायची तसा. तो भाऊच आहे. मीच कडू झाले होते.

२० सप्टेंबर

शेरा गेला. उशिरा भरलेले हप्ते अजून दिसतात, पण कर्जापुढं 'बंद' लिहिलंय. बँकेचे साहेब म्हणाले, आता मंजुरी यायला हरकत नाही. 'फक्त ती येईपर्यंत आणखी कुठं जामीन राहू नका. तुमच्या पगारात दोन कर्जं बसणार नाहीत.' मी हसले. मी कशाला राहते?

पहिला फोन योगेंद्रला केला. तो इतका खूश झाला, इतका, की मला भरून आलं. दोनदा विचारलं त्यानं, 'बठ्ठं साफ ना? नक्की?'

२८ सप्टेंबर

तो बाहेरच्या खोलीत बसलाय. नवा टेम्पो घ्यायचाय, मोठा. कागद टेबलावर पसरलेत. जिथं मी सही करायची तिथं आधीच फुल्या मारून आणल्यात.

'अक्का, पेन दे ना वो.'

घरात एकही पेन नाही म्हणाले. शोधते म्हणून आत आले, दार लोटलं, आणि हे लिहिते आहे.