मोबाइल हसत नाही

॥ श्री गणेशाय नमः ॥

भिलाई, १६ मार्च २०२५

तीर्थस्वरूप सुनिता आत्यास समृद्धीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या कृपाशीर्वादाने येथील सर्व मंडळी क्षेमकुशल आहेत. वसंताच्या आगमनाने वातावरण प्रफुल्लित झाले असून अंगणातील तुळस बहरली आहे. फोनऐवजी मराठीतून पत्र लिहिण्याची आपली सूचना अत्यंत प्रेरणादायी वाटली. येत्या चौदा एप्रिलला आमच्या विहारात मला कैलासवासी आजोबांविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांच्या पुण्यात्म्यास सद्गती लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

आपली आज्ञाधारक भाची,
समृद्धी

गोंदिया, २२ मार्च २०२५

चि. समृद्धी हिस सुनिता आत्याचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझंच आहे; बाकी त्यात तुझं काय आहे ते तूच सांग. तिकीट खिडकीवर बसल्या बसल्या वाचलं तेव्हा आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. संध्याकाळी तुझ्या बापाला फोन लावला. अतुलनं हसत हसत कबूल केलं की पोरीनं मोबाइलला पत्र लिहायला सांगितलं आणि कागदावर उतरवून काढलं. वर मलाच म्हणतो, ताई, पोरगी हुशार आहे. त्याला काय ऐकवायचं ते ऐकवलं आहे, आता तू ऐक.

आपल्या घरच्या पत्राच्या माथ्यावर श्री कधी होता गं? तुझे आजोबा, आमचे बाबा, छप्पन साली आपल्या बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेले, ते काय म्हातारपणी कैलासाला जाण्यासाठी? आपल्यात गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. आत्मा आपण मानत नाही, तर सद्गती कोणाला मागतेस? आणि तुमच्या क्वार्टरपुढे पेरू आहे. तुळस मी तरी पाहिली नाही.

ज्याला आपलं घर ठाऊक नाही त्यानं आपल्या घरचं पत्र लिहिलं आणि तू मुकाट्यानं उतरवून घेतलंस, याचा मला राग आहे. ज्यांनी बाबांसोबत विहारासाठी विटा वाहिल्या ती माणसं चौदा तारखेला समोर बसतील. त्यांच्यापुढे तू बाबांना कैलासाला धाडणार आहेस का? यापुढे मला लिहिशील ते तुझं तू लिही, वाकडं-तिकडं कसंही.

लोभ आहेच, तो मागायला नको.
सुनिता आत्या

भिलाई, २८ मार्च

आत्याले जय भीम.

तू पप्पाले डांटलं, पप्पानं मले. म्हणे पकडल्या कावून गेली. आता माह्यं ऐक.

मले अशीच मराठी येते. शाळेत हिंदी अन् इंग्लिश, मोहल्ल्यात हिंदी, मम्मीले बी आता हिंदीचीच आदत झाली. मराठी बोलणारे घरात एक आजोबाच होते. अभिनवदादाच्या लग्नात नवरीकडच्या पुण्याच्या पोरींनी माह्याकडून तेच तेच वाक्य परत परत बोलून घेतलं अन् पोट धरून हसल्या. तू तिथंच जेवून राहिली होती. मोबाइल हसत नाही. म्हणून मी त्याले विचारते.

आमच्या क्लासमध्ये निबंध, प्रोजेक्ट, सॉरीचा मेसेज बी सगळे त्यालेच विचारतात. मग राग एकट्या माह्यावर कावून?

तू म्हणते वाकडं-तिकडं लिही. लिहिलं. पण वाकडं-तिकडं माइकवर नाही बोलू शकत. कार्यक्रमाची लिस्ट बनवणाऱ्या गिरजाबाईले सांगून टाकते की माह्यं नाव काट. महिला मंडळात बोलणाऱ्यांची कमी नाही.

समृद्धी

गोंदिया, ३ एप्रिल २०२५

चि. समृद्धीस सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाव काटायचं नाही. आपल्या घरात अजून कोणी रिंगणातून पळालेलं नाही, पहिला मान तुला मिळू देणार नाही. तुझं पत्र खिडकीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवणार होते, पण मग वाटलं, नको. लग्नातलं मला कळलं असतं तर त्या पोरींचा समाचार तिथंच घेतला असता.

सोबत दोन पानांचं भाषण पाठवते आहे. शाळेत असताना वक्तृत्वाची बक्षिसं मीच आणत होते, तेव्हा काळजी करू नकोस. आरशासमोर उभी राहून पाठ कर. ‘धैर्याचा महामेरू’ म्हणताना क्षणभर थांब, टाळी येईल. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मला रजा नाकारली आहे, नाहीतर पहिल्या रांगेत बसून ओठ हलवले असते.

आशीर्वाद पाठीशी आहेत, कच खाऊ नकोस.
सुनिता आत्या

भिलाई, १७ एप्रिल

आत्याले समृद्धीचा जय भीम.

गिरजाबाईनं तुले फोन केलाच असन, तरी माह्याकडून ऐक. तुह्यं भाषण मी बोलली नाही.

पाठ केलं होतं, पूरं. मस्त होतं. पण महामेरू म्हणजे काय ते मले माहीत नव्हतं, अन् ते विचारायले मी मोबाइलच उचलला. तेव्हा वाटलं, फरक काय राहिला? त्याचं उतरवलं तर तुले राग येते, अन् तुह्यं पाठ केलं तर शाबासी देते. दोन्हीत मी कुठं आहे, आत्या?

मी बँकेची गोष्ट सांगितली. मी दुसरीत होती. आजोबाले एका कागदावर साइन करायची होती. बाबू म्हणे, दादा, साइन कर दो, पढ़ना क्या है. आजोबा स्टील प्लांटमध्ये लागल्यावर वाचायले शिकले होते, तुले माहीतच आहे. अक्षरावर बोट ठेवून हळूहळू वाचत गेले. मागं लाइन लागली, लोक चिडले. बाबू म्हणे लाओ, मी वाचून देतो. आजोबानं मान बी वर नाही केली. म्हणे माह्या नावाचा कागद हाय, मीच वाचीन. मी त्यायचा हात ओढून राहिली होती. ते वाचत बसले ते बसलेच.

हे सांगता सांगता मी अटकली. मराठीतला शब्दच येईना. पप्पानं तुह्या भाषणाचा फोटो काढून ठेवला होता, त्यायनं खाली बसून मोबाइल वर केला. मी मान हलवली अन् माइकवरच म्हटलं, थांबा, मले आठवू द्या. कोणी खोकललं. मागून कोणीतरी हसलं बी. तो शब्द आलाच नाही, मग हिंदीत बोलली अन् पुढं गेली. पण पूरं संपवल्याशिवाय उतरली नाही. घरी येईपर्यंत पप्पाचा मोबाइल खिशातच होता.

आता या पत्रातल्या चुका काढून पाठवू नको. त्या माह्या आहेत, राहू दे. पाठवायचंच असन तर आजोबाची एक अशी गोष्ट पाठव जी तुले माहीत आहे अन् मले नाही. तुह्या दोन पानांत ती एक बी नव्हती.

राग ठेव, लोभ बी ठेव.
समृद्धी